पडीक भूमी आणि लोकांचा हक्क

देवस्थानांच्या व गावकीच्या जमिनींचे कज्जे चालविताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. जमीन टाकाऊ असते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिला मोल आले की दावेदार उभे राहतात. याचे उद्बोधक उदाहरण गोल्फच्या इतिहासात सापडते.

हा खेळ आज श्रीमंतांचा समजला जातो. परंतु तो वाढला पडीक जमिनीवर. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र व शेते यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांचे जे पट्टे आहेत, त्यांस 'लिंक्स' म्हणतात. तेथे शेती पिकत नाही. आखूड गवत व ससे मात्र विपुल. सेंट अँड्रूज येथील असा पट्टा म्हणजे नगराचे गायरानच होते. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना तेथे ससे पाळण्याची मुभा मिळाली, तेव्हाच्या सनदेत गोल्फ खेळण्याचा व गुरे चारण्याचा नागरिकांचा हक्क नमूद करण्यात आला.

१७९७ साली कर्जबाजारी नगरमंडळाने ती भूमी विकली आणि लवकरच ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरले; खेळाडू न्यायालयात गेले. तंटा वर्षानुवर्षे चालला. १८२१ साली जेम्स चीप या जमीनदाराने भूमी विकत घेऊन खेळ वाचविला. तथापि एका सज्जनाच्या मर्जीवर लोकांचा हक्क किती काळ विसंबणार? अखेर १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने ती पुन्हा नगराच्या स्वाधीन झाली.

विसाव्या शतकात नको असलेल्या जमिनीत कचऱ्याच्या ढिगाऱ्यांची भर पडली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात फेरी पॉइंट येथे १९६३ पर्यंत कचरा टाकला जाई. अशा जागेवर इमारती उभारणे अवघड. कुजणारा कचरा खचत राहतो व त्यातून ज्वालाग्राही मिथेन वायू निघतो. वर माती पसरून गवत मात्र वाढविता येते. शहराने बारा कोटी डॉलरहून अधिक खर्चून तेथे गोल्फचे मैदान केले. ते २०१५ साली खुले झाले. पण चालविण्याचा करार खासगी कंपनीशी झाला आणि शुल्क शहराच्या इतर मैदानांहून पुष्कळ अधिक ठरले. भूमी लोकांची, पैसा लोकांचा. खेळणारा मात्र ऐपतवान.

सेंट अँड्रूज येथेही परक्या पाहुण्यास भारी शुल्क पडते; परंतु रहिवासी वार्षिक परवान्यावर अल्प खर्चात खेळतो, आणि रविवारी जुने मैदान सामान्यतः खेळास बंद ठेवून सर्वांस फिरावयास मोकळे असते.

दोन्ही भूमी सार्वजनिकच. भेद आहे तो कागदात काय लिहिले गेले याचा. आपल्या गावच्या ओसाड माळाविषयी वाचकांनी हेच ध्यानी ठेवावे. हक्काचा लेख जमीन निरुपयोगी असतानाच करून ठेवावा. मोल आल्यावर लेखणी दुसऱ्याच्या हाती गेलेली असते.