तेल्याची पहार

मावळातील सुदुंबरे या गावी संताजी जगनाडे यांची समाधी आहे. चाकणच्या तेली घराण्यात जन्मलेले संताजी घाण्यावर उपजीविका करीत, तुकोबांच्या मागे टाळ घेऊन उभे राहत आणि त्यांच्या मुखातून निघालेले अभंग वहीत उतरवून घेत, असे वारकरी परंपरा सांगते. चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या हातची मानली जाणारी वही जगनाडे घराण्याने पिढ्यानुपिढ्या जतन केली, आणि वि. ल. भावे यांनी १९१९-२०च्या सुमारास तिच्या आधारे तुकोबांची ‘अस्सल गाथा’ छापून प्रसिद्ध केली.

या प्रकाशनाचा काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केल्यापासून, नव्या कायदेकौन्सिलात कोणी बसावे याचा वाद महाराष्ट्रात पेटला होता आणि ब्राह्मणेतर समाज आपल्यासाठी स्वतंत्र प्रतिनिधी मागत होता. त्या धामधुमीत लोकमान्य टिळकांनी, तेली-तांबोळ्यांना कायदेमंडळात जाण्याची हाव कशाला, अशा आशयाचे उद्गार काढले; डॉ. आंबेडकरांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात ते १९१८च्या सोलापूरच्या सभेतील म्हणून नोंदविले आहेत, तर लोकांच्या आठवणीत ते अथणीचे म्हणून राहिले आहेत, आणि तेथे त्यांना कुणब्याच्या नांगराचीही जोड मिळाली आहे. ज्या पुरुषाला ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ हे नाव मिळाले, त्याच्याच तोंडी हा प्रश्न यावा, आणि त्याच सुमारास एका तेल्याच्या वहीतून एका कुणब्याची वाणी छापखान्यात जुळवली जात असावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

अशिक्षितांविषयीचा हा अविश्वास केवळ पुण्याच्या पुढाऱ्यांचा नव्हता. ज्याचे ग्रंथ आमच्या सुधारकांनी भक्तिभावाने वाचले त्या जॉन स्टुअर्ट मिलनेही १८६१ साली सुशिक्षितांना एकाहून अधिक मते असावीत असे सुचविले होते. विद्येने मनुष्याला दूरदृष्टी येते हे खरे; परंतु विद्येची दारे शतकानुशतके ज्यांच्यासाठी बंद ठेवली, त्यांनाच पुढे अविद्येचे कारण दाखवून राज्यकारभाराबाहेर ठेवणे म्हणजे आपणच लावलेल्या कुलपाचा पुरावा आपणच हजर करणे होय. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमका हाच हिशेब मांडला होता: सरकारी खजिन्यात भर घालतो रयत, आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग.

जुन्या मराठी दप्तरांत मात्र या विषयाची एक वेगळीच साक्ष सापडते. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, वादी-प्रतिवादींची करीने घेतली जात, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुते-अलुतेही आपापली निशाणी करीत; ज्याला अक्षर येत नसे त्याचे अवजारच त्याचे अक्षर होई. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, तेल्याची पहार, अशा ओबडधोबड आकृत्या कागदाच्या तळाशी ओळीने उभ्या असत, आणि त्यांच्या साक्षीने दिलेला निवाडा मोडायला सहसा कोणी धजत नसे. ही लोकशाही नव्हे; मानपान जातीच्या उतरंडीने ठरे आणि महाराची निशाणी घेतली तरी त्याला चावडीवर समान बैठक मिळत नसे. तरीसुद्धा निरक्षराच्या साक्षीवाचून गावचा निर्णय अपुरा राहतो, एवढे त्या काळालाही मान्य होते. पुढे कौन्सिलाच्या वादात हाच नांगर उपहासाचा विषय झाला, हे त्या दप्तराशी ताडून पाहावे.

२७ जानेवारी १९१९ रोजी तरुण आंबेडकरांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि अस्पृश्यांच्या वतीने इतर कोणी बोलावे हे पुरेसे नाही, त्यांचे प्रतिनिधी त्यांचेच असले पाहिजेत, असा आग्रह धरला. पुढे नव्या मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या. मत मात्र सारा अथवा कर भरणाऱ्या थोड्यांच्याच हाती राहिले. टिळकांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिल १९२०मध्ये, मृत्यूला चारच महिने उरले असता, त्यांनी काढलेल्या काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्यात शिक्षण आणि मताधिकार यांच्या विस्तारावर विश्वास प्रकट केला होता, व जातींमुळे येणारी बंधने दूर करण्याचा पुरस्कारही केला होता.

अखेर संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार आला. १९५१च्या जनगणनेत शेकडा अठराच माणसे साक्षर निघाली. तरी १९५१-५२च्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. अक्षरशत्रू म्हातारी चिन्ह न्याहाळून आपला कागद पेटीत सोडी. महजराच्या तळाशी असलेली निशाणी या वेळी पेटीवर चढली होती, एवढाच फरक नव्हता: येथे पाटलाचे आणि महाराचे वजन प्रथमच सारखे भरले.

आजही निवडणुकीचा निकाल मनाजोगता लागला नाही की दिवाणखान्यांतून ‘अडाणी मतदारां’चा उद्धार होतो. मतदार चुकतो, भुलतो, क्वचित विकलाही जातो, हे कबूल करावे. परंतु पाच वर्षांनी ती चूक दुरुस्त करण्याची सोय त्याच्याच हाती असते, आणि शहाण्यांच्या राज्यात शहाण्यांची चूक दुरुस्त कोणी करायची याचे उत्तर कोणत्याही दिवाणखान्यात मिळत नाही. चांगल्या राज्यकर्त्याच्या आशेने मतच सोडून देणाऱ्यांची गत तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशीच व्हायची.

सुदुंबऱ्याची आख्यायिका अशी की, संताजींच्या देहावर कितीही माती लोटली तरी मुख उघडेच राहिले. तुकोबांनी मूठमाती देण्याचे वचन दिले होते, आणि वैकुंठाहून येऊन त्यांनी ती दिली तेव्हाच ते झाकले. दंतकथा खरी मानावी की न मानावी, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण घाणा चालविणाऱ्या माणसाला दिलेला शब्द पाळावाच लागतो, एवढे ती गावाला सांगत आली आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी या देशानेही त्याला एक शब्द दिला आहे.