झिलईवर झिलई

पुणें जिल्ह्याच्या मावळांत, कामशेतच्या पलीकडे कुंडली नदीकांठीं वडिवळें हें गांव आहे. त्या बाजूच्या गांवोगांवीं वापरांत असलेलें कुंभाराचें मडकें चाकावरून उतरे, थापटण्यानें ठोकून पातळ होई, आव्यांत भाजून निघे. झिलई मात्र त्यावर चढत नसे. याला अज्ञान म्हणणें अन्यायाचें होईल. माठ पाझरतो म्हणूनच त्यांतलें पाणी गार राहतें. झिलई दिलेल्या माठाची बरणी होईल. झिलई हवी ती लोणच्यासाठीं आणि तेलातुपासाठीं.

झिलई म्हणजे मातीवर वितळून बसलेली कांच. कांचेचा उद्योग मावळाला परका नाहीं. लोकांकडून पैसापैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडानें १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना काढला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. परंतु कांच सांच्यांत ओततां येते. झिलईला भांड्याच्या उभ्या अंगावर टिकून राहावें लागतें. म्हणून गारगोटीचें पीठ, तें वितळविणारें शिसें, सोडा, राख किंवा टाकणखार, आणि रस दाट राहावा म्हणून थोडी चिकणमाती, असा तिहेरी मेळ घालावा लागतो.

या मेळाचा मराठी मुलखांतला पहिला मोठा प्रयोग मुंबईस झाला. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ त सुरू झाली. तेथील अधीक्षक जॉर्ज टेरी यांनीं १८७० नंतरच्या दशकांत कुंभारकामास हात घातला. झिलईची परंपरा सिंधमध्यें जुनी, म्हणून त्यांनीं तिकडची विद्या मुंबईस आणविली. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला उतरवीत होते. तेथील वेलबुट्ट्या या भांड्यांवर उतरल्या. पुढें टेरी यांनीं ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नांवानें स्वतःचा कारखानाही काढला. जॉर्ज बर्डवुड यांनीं १८८० सालच्या आपल्या ग्रंथांत या भांड्यांची दखल घेतली. भांडीं देखणीं होतीं यांत शंका नाहीं. पण तीं प्रदर्शनांत आणि साहेबांच्या दिवाणखान्यांत गेलीं, घाटावरच्या कुंभाराच्या आव्यापर्यंत पोंचलीं नाहींत. १९१० मध्यें कलाशाळेंत सर जॉर्ज क्लार्क यांच्या नांवानें प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिच्या कामाचा आरंभ कुंभारकामाच्या अभ्यासानेंच झाला, तेव्हां या विद्येला कारागिराच्या हातासोबत तराजूचाही आधार मिळाला.

तराजू कां लागतो? तांब्याचें भस्म सोड्याच्या झिलईंत घातलें तर निळसर पिरोजी रंग येतो, शिशाच्या झिलईंत हिरवा येतो, आणि भट्टींत हवा कोंडून धूर केला तर योग्य मेळांत तेंच भस्म तांबडें होतें. कच्च्या लेपाच्या रंगावरून भाजल्यानंतरचा रंग ओळखतां येत नाहीं. म्हणून नमुन्याच्या वड्या करतात. दोन झिलया दशांश-दशांशानें मिसळल्या तर ११ वड्या होतात. तीन झिलया पंचमांशानें मिसळल्या तर २१. एकीवर दुसरी चढवायची म्हटलें कीं हिशोब आणखी वाढतो, कारण खालची वर नेली तर फळ बदलतें: दहा झिलयांच्या अशा ९० जोड्या होतात, आणि लेपाची जाडी तर वेगळीच! वडी भट्टींत उभी ठेवावी लागते. आडवी ठेवली तर रस किती ओघळतो हें कळतच नाहीं. एकेकट्या शांत राहणाऱ्या दोन झिलया एकत्र येतांच लौकर वितळतात आणि भांडें फळीला चिकटवून टाकतात. म्हणून जाणता कारागीर वरचा थर खांद्याशींच ठेवतो आणि बूड कोरें सोडतो.

या कष्टाचें फळ चिनी लोकांनीं सुंग राजवटींतच चाखलें होतें. ‘चुन’ झिलईचा निळा रंग बहुतेक कोणत्याही रंगद्रव्याचा नसतो. कांचेंत कांचेचेच सूक्ष्म थेंब वेगळे होतात आणि त्यांवर प्रकाश विखुरतो, जवळजवळ आकाशाच्या निळाईसारखाच. लोहयुक्त काळ्या झिलईवर ही चढविली कीं निळ्या धारा फुटतात. पुण्यास राहून निर्मला पटवर्धन यांनीं अशा झिलयांचा ध्यास घेतला. शांतिनिकेतन व जर्मनींतील स्टुटगार्ट येथें त्या शिकल्या होत्या. त्यांनीं आपली विद्या मुठींत झांकून ठेवली नाहीं. १९८४ सालीं कुंभारकामावरचें हस्तपुस्तक इंग्रजींत प्रसिद्ध करून ती सर्वांपुढें ठेवली. घराण्याचें गुपित म्हणून कृती जपणाऱ्या या धंद्यांत ही गोष्ट कोणत्याही निळ्या फुलदाणीहून मोठी मानली पाहिजे.

नमुन्यांची ही दगदग केवळ शोभेसाठीं नव्हे. शिशाची झिलई थोड्या आंचेवर वितळते आणि सुरेख चमकते, म्हणून तिचा मोह फार. पण लिंबू, चिंच, शिरका यांच्या आंबटपणानें तिच्यांतील शिसें अन्नांत उतरतें, आणि तें विष आहे. तिच्यांत तांबें मिसळलें तर शिसें अधिकच सुटतें, म्हणजे हिरव्या रंगाच्या हौसेंत धोकाही वाढतो. झिलईवर लिंबाची फोड रात्रभर ठेवावी. सकाळीं रंग उडालेला दिसला तर ती झिलई कच्ची. मात्र रंग न उडणें ही निर्दोषपणाची खूण नव्हे. शिशाचा निवाडा प्रयोगशाळेंतच होतो. याच कारणास्तव सावध कारागीर थरांवर थर चढवितो ते भांड्याच्या बाहेरून. आंतल्या अंगाला पारखलेली, शिसें नसलेली एकच झिलई देतो.