देठावर जगणारी कातडी

किरणोपचारानंतर काही महिन्यांनी, कधी तर कित्येक वर्षांनी चिघळणारी जखम मलमपट्टीने सहसा भरत नाही. किरणांनी तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजलेल्या असतात आणि मांस निबर झालेले असते. मांडीवरची पातळ कातडी काढून लावली तरी ती बहुधा धरत नाही, कारण तिला रक्त जखमेच्या तळातूनच मिळावे लागते. तिथे उपयोगी पडतो तो फ्लॅप, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह आणलेला कातडीचा किंवा स्नायूचा तुकडा.

या विद्येच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. नाक घडवण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहेच. पण युरोपला ही भारतीय पद्धत खऱ्या अर्थाने कळली कावसजीमुळे. इंग्रजी फौजेतला हा गाडीवान १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले. मेणाचा नमुना कपाळावर सपाट पसरून त्याने आकार आखला, तेवढी कातडी सोडवली, दोन भुवयांमध्ये रक्तपुरवठ्यासाठी कातडीचा देठ राखला आणि कातडी पिळून खाली वळवली. टाके नव्हतेच, काताचा लेप लावलेल्या पट्ट्यांनी कडा जुळवल्या. सुमारे २५ दिवसांनी देठ कापला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने हा वृत्तांत छापला. त्यात रुग्णाचे नाव आहे, नाक घडवणाऱ्याचे मात्र नाही. ही उणीव सलणारी आहे. वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तीच शस्त्रक्रिया केली.

पुढे १९०६ मध्ये इटलीत तान्सिनी यांनी स्तन काढल्यानंतरची जागा पाठीच्या स्नायूसकट कातडी फिरवून झाकली. ही पद्धत विस्मरणात गेली आणि १९७० च्या दशकात पुन्हा वापरात आली. पहिल्या महायुद्धात हॅरोल्ड गिलीज यांनी देठाची नळी शिवून तो सुरक्षित केला. १९७३ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून फ्लॅप बसवणे साधले, तेव्हा देठाचे बंधनही सुटले.

किरणांच्या जखमेला या प्रगतीचा मोठा लाभ झाला. आधी जखमेचा तुकडा तपासून कर्करोग परतलेला नाही ना, याची खात्री करतात. मग मेलेला आणि निबर भाग ताजे रक्त दिसेपर्यंत काढतात. फ्लॅप शक्यतो किरण न पडलेल्या जागेतून घेतात. कपाळाचा फ्लॅप नाकासाठी आजही वापरला जातो आणि त्याचा देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात.