यंत्राची साक्ष : मोटारीतील इशारा-दिव्याचा इतिहास

मोटार चालू असता चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की मालक घाबरतो आणि अनुभवी मिस्त्री सावध होतो. या दिव्याचा अर्थ 'अमुक भाग निकामी झाला' असा घेण्याची रूढी हल्ली पडली आहे. ती सदोष आहे, आणि तिचा दोष दिव्याच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा दिवा मुळात गाडी बंद पडू नये म्हणून नव्हे, तर हवा दूषित होऊ नये म्हणून जन्मास आला. लॉस एंजेलिस शहरावर दाटणारे धुरके मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. पुढील कायद्यांमुळे इंधनाच्या मिश्रणावर संगणकाचा ताबा आला, व १९८१ साली जनरल मोटर्सने आपल्या अमेरिकन गाड्यांत हा दिवा सर्रास बसविला. तेव्हा जोडणीतील दोन टोके तारेने जोडली की दिवाच लुकलुकून बोले : एकदा, थोडा विराम, मग दोनदा, म्हणजे बारा. प्रत्येक कंपनीची भाषा मात्र निराळी. १९९६ पासून अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना एकच सोळा टोकांची जोडणी आणि एकच संकेतावली सक्तीची झाली.

भारतात ही व्यवस्था उशिरा आली. एप्रिल २०१० मध्ये भारत टप्पा चारचे नियम प्रथम तेरा शहरांत लागू झाले. त्यांत मुंबई, पुणे व सोलापूर होती, कोल्हापूर नव्हते. सर्व देशभर ते नियम एप्रिल २०१७ मध्ये आले. याच नियमांबरोबर आत्मनिदानाची सक्ती आली असल्याने, त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत दिवा असला तरी त्याची बोली कंपनीपुरतीच असते.

ओतकामासाठी व तेलइंजिनांसाठी नावाजलेल्या कोल्हापुरास यंत्रनिदान नवे नव्हते. उद्यमनगरासारख्या वसाहतीत ही विद्या हाताखाली राबून शिकली जाई. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला व मूठ कानाला लावून आवाजाचे स्थान शोधावयाचे. प्लग काढून त्याचा रंग पाहावयाचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जादा, पांढरा पडला असेल तर कमी, बदामी असेल तर ठीक. ही पद्धत अडाणी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात लक्षण आणि कारण यांतील अंतर मिस्त्रीस सदैव दिसत असे.

संकेतांक नेमके हेच अंतर झाकतो. पी-०१७१ हा अंक 'मिश्रणात पेट्रोल कमी' एवढेच सांगतो. कारण तडकलेली रबरी नळी असेल, क्षीण झालेला पेट्रोल-पंप असेल, वा हवा मोजणाऱ्या संवेदकावरील धूळ असेल. पुष्कळदा धुराड्यातील ऑक्सिजन-संवेदक बदलला जातो. म्हणजे खरी बातमी आणणाऱ्या जासुदालाच शिक्षा! मालकाचे पैसे जातात आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

जुन्या गाडीचे निदान म्हणून क्रमानेच केले पाहिजे. दिवा लुकलुकत असेल तर ठिणगी चुकून न जळलेले पेट्रोल धूरशोधकास जाळण्याचा धोका असतो. गाडी दामटू नये. तो स्थिर असेल तर संकेतांक लिहून घ्यावा, दोष नोंदला गेला तेव्हाचे तापमान व वेग हे आकडे पाहावे, पेट्रोलच्या टाकीचे झाकण, नळ्या व तारांचे सांधे तपासावे, आणि मगच सुट्या भागाकडे वळावे. प्रथमच संकेतांक पुसून टाकणे हे दप्तर जाळून चौकशीस बसण्यासारखे आहे. त्याबरोबर हे आकडेही नष्ट होतात.

या प्रकरणास आर्थिक बाजूही आहे. सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांस मिळू दिली जात नाहीत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-कंपन्यांस मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली. परंतु उपकरण आणि माहिती कोणाच्या हाती असावी हा वाद त्या निकालाने प्रथमच ठसठशीतपणे मांडला, आणि गल्लीतील मिस्त्रीचा धंदा टिकण्याशी त्याचा थेट संबंध आहे. ज्या गाड्यांची बोली कंपनीपुरतीच आहे, त्यांच्यापाशी तर त्याला आजही प्लगचा रंग पाहूनच कामास आरंभ करावा लागतो.