होडीवरची नोंद

पहाटे करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या काठावरून उजनी धरणाच्या जलाशयात होडी सुटते, तेव्हा तिच्यातला मच्छीमार सोलापूर शहराच्या आधी सोलापूरचे पाणी पाहत असतो. आदल्या संध्याकाळी लावलेले जाळे उचलताना पाण्याचा रंग, वास, हाताला लागणारे शेवाळ, चिलापीचा आकार, बऱ्याच दिवसांत न मिळालेली मरळ, दूर उथळात उतरलेले रोहित पक्षी हे सगळे त्याच्या नजरेखालून जाते. मासळी बाजारात पोचते, पैसे हाती येतात आणि सकाळी पाहिलेले बहुतेक विरून जाते. ज्या अभ्यासशाखेत तुमचे स्वागत करण्यासाठी मी हे लिहीत आहे, तिचा सगळा खटाटोप या विरून जाणाऱ्या गोष्टी टिकवण्यासाठी आहे. ज्याच्या मालकीची होडी आहे, मग तो मच्छीमार असो, माणसे पलीकडे नेणारा नावाडी असो की हौसेने शीड उभारणारा, तो पाण्याच्या संशोधनात आणि रक्षणात कसा सहभागी होऊ शकतो, हा तिचा विषय.

समुद्र सोलापूरपासून दूर आहे, पण भीमा त्याच्याकडेच निघालेली असते. ती रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेवरच्या उजनीत येते, उजनीतले पाणी पंढरपूरच्या वाळवंटाला वळसा घालून पुढे जाते, आणि त्यात पडलेली प्लास्टिकची पिशवी अडली नाही तर तिचा शेवट खाऱ्या पाण्यात होतो. म्हणून समुद्राच्या रक्षणाचा विचार किनाऱ्यावरच सुरू व्हायला हवा, हे मला पटत नाही. उजनी जलाशयाच्या यशवंतसागर या नावातला सागर मी म्हणूनच गंभीरपणे घेतो.

या शाखेचा इतिहास बहुधा मोठ्या संशोधन जहाजांपासून सांगतात. मी तो एका तबकडीपासून सांगेन. एप्रिल १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या स्वतःच्या आगबोटीवरून भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. पाणी किती नितळ आहे हे सांगणारी याहून स्वस्त युक्ती अजून कोणाला सुचलेली नाही. २०१३ पासून इंग्लंडमधल्या प्लिमथच्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या हौशी नौकामालकांना हीच तबकडी बुडवायला लावून समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, अंदाज घेण्याचे काम चालवले आहे. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे प्लवक गोळा करणारे यंत्र बांधले. माल वाहणारे जहाज तसेही जाणारच होते, त्याच्या मागे विज्ञान ओढत न्यायला वेगळा प्रवास लागला नाही. १९९७ मध्ये चार्ल्स मूर हवाईपर्यंतच्या नौकाशर्यतीनंतर स्वतःच्या नौकेतून कॅलिफोर्नियाला परतत होते. नेहमीची वाट सोडल्यामुळे उत्तर पॅसिफिकच्या मध्यभागी त्यांना दिवसामागून दिवस प्लास्टिक तरंगताना दिसले. पुढे जाळे ओढून त्यांनी मोजले, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे तिथल्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे वजन प्लवकांच्या सहापट भरले. मूर रूढ अर्थाने समुद्रशास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्याकडे नौका होती आणि पाहिलेले मोजण्याची तयारी होती.

आता उजनीकडे येतो, कारण इथे ही शाखा अजून रुजायची आहे आणि इथेच तिची गरज मोठी आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. म्हणून आपल्याकडे पाण्याची पातळी अधिक-उण्याच्या टक्क्यांत सांगतात: मृतसाठ्याच्या वर असेल तर अधिक, त्याखाली गेली तर उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती. पाणी असे मागे सरकते तेव्हा पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, उघड्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात आणि वर आलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. कोणते बेट कोणत्या पातळीला वर येते, त्यावर कुत्री कधी पोचू शकतात, पाणी पुन्हा चढल्यावर किती पिल्ले उडण्याइतकी मोठी झालेली असतात, याची उत्तरे वर्षातून दोनदा येणाऱ्या अभ्यासकाकडे असणे शक्यच नाही. ती रोज तिथून होडी नेणाऱ्याकडे असतात. जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना, जी भारतात १९८७ पासून होते, मोलाची आहे. पण ती एका महिन्याची नजर आहे. उरलेले अकरा महिने होडीवाल्याचे.

शास्त्राच्या बाजूने एक शंका नेहमी येते: अशा नोंदी ढोबळ असतात. असतात, आणि त्याने फारसे बिघडत नाही. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने केलेले ढोबळ मोजमाप वर्षभर टिकले, तर दहा दिवसांच्या बिनचूक मोहिमेपेक्षा त्यातून अधिक कळते. खरी चूक वेगळ्या ठिकाणी होते. होडीवाला जिथे मासा असतो तिथे जातो, त्यामुळे त्याची वही माशांच्या जागांचीच वही बनते. हा झुकाव काढून टाकता येत नाही, पण मोजता येतो. किती जाळी लावली, ती किती तास पाण्यात होती, कोणत्या काठाला होडी फिरली, हे लिहिले की पुढचा अभ्यासक त्याचा हिशेब लावू शकतो. आणि ‘आज काही दिसले नाही’ ही नोंद न चुकता लिहावी. रोहित पक्ष्यांचा थवा आल्याचे सगळेच लिहितात. तो कोणत्या दिवसापासून दिसेनासा झाला, हे अशा ‘दिसले नाही’च्या नोंदींतूनच कळते.

नोंदवहीबद्दल आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. याच पाण्यावर वाळू उपसणाऱ्या सक्शन बोटी फिरल्या आहेत, आणि वडाप म्हणतात त्या मासेमारीच्या बारीक जाळ्यात माशांची बोटभर पिल्ले ओढली जातात. होडीवाला हे पाहतो. त्याच्या वहीवरून कोणावर कारवाई झाली, तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच पाण्यात एकट्याने उतरायचे असते. म्हणून संशोधनाची वही तक्रारीसाठी वापरू नये. नाव, वेळ आणि नेमकी जागा कोणाला दिसेल, हे सुरुवातीलाच ठरवावे. पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागाही उघड करू नयेत. आणि ‘मामा, जरा जवळ घ्या, थवा उडाला की फोटो चांगला येतो’ असे कोणी म्हटले, तर नकार देणाऱ्या नावाड्याची त्या दिवसाची कमाई बुडता कामा नये.

कमाईचा हा मुद्दा किनाऱ्याने आपल्या आधी ओळखला. डिसेंबर २०१८ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्या योजनेत, जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी छायाचित्र किंवा चित्रफीत द्यावी लागते. भरपाईचा हा पुरावाच कोणता प्राणी, कोणत्या दिवशी, कुठे सापडला याची नोंद ठरतो. जाळ्याची किंमत मान्य झाली की माणूस मोबाईल बाहेर काढतो. उजनीवर अशी व्यवस्था करायची असेल तर होडीवाल्याच्या वेळेची किंमत आधी ठरवावी लागेल, आणि छापलेल्या निबंधात त्याला हवे असेल तर त्याचे नावही.

सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर अशा माणसांचे ऋण मानले. वनाधिकारी असताना रानातल्या आणि तळ्याकाठच्या माणसांकडून त्यांनी जे शब्द आणि निरीक्षणे जमवली, ती त्यांच्या पक्षिकोशाच्या आणि ललित लेखनाच्या मुळाशी आहेत. नव्याने या शाखेत येणाऱ्या विद्यार्थ्याने मोजमापाचे उपकरण उचलण्याआधी काठावरचे शब्द शिकून घ्यावेत. माशांची स्थानिक नावे, वाऱ्यांची नावे, पाण्याच्या रंगांची नावे यांत कित्येक वर्षांची निरीक्षणे साठलेली असतात.

पाण्यावर जाताना मात्र जीवरक्षक जाकिटाशिवाय जाऊ नये. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा कसा फिरतो, हे नावाड्याला विचारूनच निघावे आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर परतावे.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. तबकडीपासून करा. पत्र्याचा २० सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा, त्याचे चार भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मध्ये भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन बांधा आणि दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण करा. दहा ते दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने ती सोडा. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, दोन्ही लिहून सरासरी काढा. शेजारी तारीख, जागा, ऊन, वारा आणि धरणाची टक्केवारी. केत्तूर, कुगाव आणि वांगी अशा तीन काठांवरच्या तीन होड्यांनी आठवड्यातून एकदा इतके केले तरी पुरे. उजनीच्या वर दौंडला नदीचा विसर्ग वाढल्याची बातमी येण्याआधी पहिली नोंद झालेली असेल, तर पावसाळ्याचे गढूळ पाणी तिथून वांगीपर्यंत पोचायला किती दिवस लागतात, ते यंदाच कळेल.