रोबोची धाप आणि सोनगीरचं तांबं

दिवाळीच्या सुट्टीत नातू सोनगीरला आला तो एक खोकं घेऊनच. आत त्याने स्वतः जोडलेला दोन चाकांचा रोबो. बटण दाबलं की दिवा लागे, चाकं अर्धा वेढा घेत आणि दिवा विझे. पुन्हा लागे, पुन्हा विझे. दोन दिवस हेच चाललं. मी शिक्षकी बाण्याने म्हणालो, "जोडणी चुकली असेल तुझी." त्याने मीटर लावून दाखवलं. "आबा, बॅटरी पूर्ण नऊ व्होल्ट आहे. मलाच जमत नाही." आणि सगळं खोक्यात भरू लागला.

मी इतिहासाचा मास्तर, विज्ञान माझा प्रांत नव्हे. पण बॅटरीची दमछाक हा बॅटरीइतकाच जुना इतिहास आहे, एवढं वाचलेलं होतं.

१८०० साली इटलीच्या व्होल्टाने तांब्याच्या किंवा चांदीच्या चकत्या, जस्ताच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा अशी चळत रचली. वीज वाहू लागली, पण थोड्याच वेळात मंदावे. तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे साचून वाट अडवत. १८३६ मध्ये डॅनियलने तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचं पाणी घातलं. बुडबुड्यांऐवजी तांब्यावर तांबंच बसू लागलं आणि प्रवाह स्थिर झाला. तारायंत्राला असाच टिकाऊ प्रवाह हवा होता. आपल्याकडे १८५४ साली आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली. त्याच दोन शहरांच्या नावाचा रस्ता आमच्या गावावरून जातो. पुढे १८६६ मध्ये लेक्लांशेने नवसागर वापरला, त्यातूनच टॉर्चचे सेल आले.

मंडळी, गंमत बघा. तांबं, आणि पितळेतलं जस्त, आमच्या तांबट आळीचं. नवसागर कल्हईवाल्याचा. मोरचूद शेतकऱ्याचं. सगळा माल गावात होता. तो एकत्र मांडून मुलांना दाखवावं, हे नोकरीभर मला सुचलं नाही.

असो. नातवाला विहिरीचं उदाहरण दिलं. सकाळी विहीर भरलेली दिसते, पण पंप लावला की खरं कळतं. झरा बारीक असेल तर पाणी झपाट्याने खाली जातं. बॅटरीचंही तसंच. तिच्या आतही अडथळा असतो; जास्त प्रवाह ओढला की व्होल्ट पडतात. म्हटलं, "चाकं फिरत असताना मोज." आकडा पाचाच्या आसपास घसरला. म्हणजे चाकं सुरू होताना एवढी वीज खात की रोबोचा मेंदूच उपाशी राही. चौकोनी छोटी बॅटरी मोटारींसाठी नव्हतीच.

मोटारींना चार चार्जिंगचे पेन्सिल सेल वेगळे दिले. तरी चाकं हुकूम ऐकेनात! दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं एकमेकांना जोडायची राहिली होती. ती जोडली आणि रोबो ओट्यावरून थेट अंगणाच्या दिशेने निघाला. नातवाने झेप घेऊन पकडला.

रात्री मी त्याला म्हणालो, "तुझी जोडणी बरोबर होती रे. चूक माझ्या बोलण्यात होती." तो हसला. पण मला वर्गातली कित्येक तोंडं आठवली. त्यांनाही मी बिनओझ्याचं मोजलं होतं आणि ओझ्याखाली थांबली तेव्हा दोष त्यांनाच दिला होता.

तुमच्या घरात असं खोक्यात परत गेलेलं काही आहे का? एकदा बाहेर काढून बघा, आणि जमलं तर जरूर कळवा.