पावसाचा हिशेब साठतो कुठे

केळापूर तालुक्यात पावसाची नोंद ठेवण्याची रीत महसुली कारभारातून आली. वऱ्हाड 1853 मध्ये निझामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढे वऱ्हाडातले केळापूर वणी जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव 1905 मध्ये मिळाले. तालुक्याचे नाव केळापूर राहिले, कचेरी मात्र पांढरकवड्याला. काळ्या रानातल्या कापसाचा आणि ज्वारीचा अंदाज पावसावरच बांधावा लागे, म्हणून पर्जन्यमापकाचा आकडा तहसिलीच्या वहीत चढू लागला. 1875 मध्ये हवामान खाते स्थापन झाल्यावर देशभरच्या अशा नोंदींना एकसारखी शिस्त आली.

या नोंदींसाठीचा सायमन्स पर्जन्यमापक म्हणजे 5 इंच व्यासाचे नरसाळे, त्याचा काठ जमिनीपासून फूटभर उंच आणि खाली पाणी साठवणारी बाटली. रोज सकाळी ते पाणी मोजपात्रात ओतायचे नि आकडा लिहायचा. ही वही भक्कम होती, पण दिवसाला एकच आकडा सांगे. दोन इंच पाऊस तासाभरात कोसळला की रात्रभर झिमझिमला, हे तिच्यातून कळत नसे. आणि कपाशीच्या रोपांना व बांधांना फरक पडतो तो नेमका याचाच.

ती उणीव स्वयंलेखी यंत्राने भरून काढली. घड्याळाच्या चालीवर फिरणाऱ्या नळकांड्याला कागद गुंडाळलेला असे. पाणी चढेल तशी लेखणी वर सरके. 10 मिलिमीटर झाले की वक्रनळीतून सगळे पाणी ओसरे आणि रेघ सरळ खाली शून्यावर येई. कागद रोज बदलावा लागे.

आजच्या हौशी बनावटीत लेखणीची जागा उलटणाऱ्या बादलीने घेतली आहे. अशा बादलीची कल्पना सतराव्या शतकातल्या ख्रिस्तोफर रेनची. 0.2 मिलिमीटर पाऊस भरला की ती कलंडते, चुंबकाने स्विच जुळतो आणि मायक्रोकंट्रोलरला एक ठोका मिळतो. 2005 मध्ये इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डामुळे हे काम कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यात आले. अडचण मोजण्याची नव्हे, साठवण्याची.

आर्डुइनो उनोमधल्या एटीमेगा328 चिपची 2 किलोबाइट रॅम वीज जाताच पुसली जाते. वीज गेली तरी टिकणारी ईईप्रॉम 1 किलोबाइटचीच. महाराष्ट्रात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. 65 मिलिमीटर म्हणजे 325 ठोके. प्रत्येक ठोक्याची वेळ 4 बाइटांत लिहिली तर 1,300 बाइट लागतात. म्हणजे ज्या दिवसाची नोंद सर्वांत मोलाची, त्याच दिवशी ही जागा अपुरी पडते.

यावर बहुतेक जण थेट मेमरी कार्ड जोडतात. फ्लॅश मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये जगापुढे मांडली, एसडी कार्ड 1999 मध्ये आले. कार्डवरची फाइल संगणकात सरळ उघडते, ही मोठी सोय. पण कार्ड 3.3 व्होल्टवर चालते, लिहिताना बरीच वीज ओढते आणि लिहिता लिहिता वीज तुटली तर अख्खी फाइल बिघडू शकते. पावसासाठी एवढा खटाटोप गरजेचा नसतो. 24सी256 ही 32 किलोबाइटची ईईप्रॉम चिप दोन तारांवर जुळते आणि 8,192 ठोके, म्हणजे 1,638 मिलिमीटर पाऊस सामावते. केळापुरात सरासरी वर्षाला एवढा पाऊस पडत नाही. कार्ड शोभते ते तापमान, आर्द्रता, जमिनीतला ओलावा असे सगळे दर मिनिटाला टिपायचे असेल तिथे.

ठोक्याला वेळ हवी, म्हणून बॅटरीवर चालणारे डीएस3231 घड्याळ जोडतात. त्याच्या बाजारी मॉड्यूलवर बहुधा 4 किलोबाइटची ईईप्रॉम आधीच बसवलेली असते. पुष्कळांच्या ते ध्यानातच येत नाही. 2017 पासून राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पातून मंडळवार स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. शेतातली नोंद सरकारी आकड्याशी ताडून पाहायची, तर एक पथ्य पाळावे लागते: पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठ ते साडेआठ असा धरतात. बेरीज त्याच हिशेबाने केली, तरच दोन आकडे एका रांगेत बसतात.